गोष्टीवर हारो

रेमंड पिको तिसऱ्या पानावर आला आणि क्लिफर्ड सिव्रेचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. व्यासपीठावरून रेमंड वाचत होता. सतरा वर्षांची पोरगी, दुसऱ्या महायुद्धातला बेटावरचा जर्मनांचा अंमल, त्यांच्या तावडीतून पळून माळ्यावरच्या गवतात लपलेला एक रशियन कैदी. पोरीनं लाकडी बूट काखेत मारले आणि दुधाचं भांडं घेऊन ती अनवाणी अंगण ओलांडू लागली. बूट काखेत मारणारी ती पोरगी म्हणजे क्लिफर्डची आई होती.

इंग्लंड आणि फ्रान्समधल्या समुद्रातल्या जर्सी बेटावर आपल्या ‘जेरिए’ या जुन्या नॉर्मन बोलीत लिहिणारे आता एका टेबलाभोवती बसतील एवढेच उरलेत. वाचणारे सेंट वानच्या पॅरिश हॉलात मावतात, आणि त्यांतले निम्मे चहाबरोबरच्या तळलेल्या गोड पिळांसाठी येतात. एवढ्याशा जगातही क्लिफर्डला रेमंड नको होता. रेमंडची चार पुस्तकं निघाली. क्लिफर्डचं एकच, आणि त्याच्या प्रती त्याच्याच पलंगाखाली. नॉर्मंडीतल्या मेळाव्याचं बोलावणं यायचं ते रेमंडला. क्लिफर्डचं व्याकरण चोख होतं, जुने शब्द तोंडपाठ होते, आणि त्याचं वाचन सुरू झालं की लोक खिडकीबाहेरच्या गायी बघत बसायचे. रेमंडनं तोंड उघडलं की म्हातारी माणसं पुढे सरकायची. क्लिफर्ड जळायचा, अगदी मनापासून जळायचा. आज तर या माणसानं त्याची आईच पळवली होती.

तो उठला. डोक्यावर टोपी नव्हती, तरी काढल्यासारखा हात केला. हॉलच्या मधोमध गुडघे टेकले आणि ओरडला, “हारो! हारो! हारो! धाव रे राजा, माझ्यावर अन्याय होतोय!”

कपातले चमचे थांबले. बेटावर हारो लहान पोरांनाही माहीत असतो. कुणी तुमच्या बांधाला हात लावला, तुमची भिंत पाडू लागला, तर साक्षीदारांसमोर टोपी काढून, गुडघे टेकून ही हाक घालायची. समोरच्यानं हातातलं काम तिथल्या तिथे थांबवायचं. हाक घालणारा ती मागे घेत नाही किंवा कोर्ट निकाल देत नाही, तोवर काडीही हलवायची नाही. पण गोष्टीवर हारो घातलेला कुणी कधी ऐकला नव्हता.

रेमंडनं तोंड मिटलं. वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

अध्यक्ष होत्या मॅडम ल ब्रॉक, नव्वदीच्या, जन्मभर वकिली केलेल्या. अन्याय कसला, त्यांनी विचारलं. क्लिफर्डनं सांगितलं, की गोष्ट माझ्या आईची आहे, माझ्या घरातली आहे, तिच्यावर हक्क माझा आहे आणि हा माणूस चोर आहे. बाईंनी रेमंडकडे पाहिलं आणि त्याला उत्तर द्यायची परवानगी दिली.

“मी तुमच्याकडे अंडी न्यायला यायचो,” रेमंड खाली मान घालून म्हणाला. “तुझ्या आई स्वयंपाकघरात एकट्याच असायच्या. म्हणायच्या, बस रे जरा. तू आत लिहीत असायचास, क्लिफर्ड.”

मागे कुणीतरी उगाच खोकलं. आता बाई कुणाला तरी झापणार, असं सगळ्यांना वाटलं.

“अरे, हारो जमिनीवर घालतात, गोष्टीवर नाही,” बाई क्लिफर्डला म्हणाल्या. “पण घातलाच आहेस तर नियमानं जाऊ. हारो घालणाऱ्याच्या ताब्यात ती वस्तू असावी लागते. गोष्ट तुझ्या ताब्यात आहे ना? मग ऊठ. पुढची तू सांग.”

क्लिफर्ड उठला, व्यासपीठावर गेला. रेमंडनं बाजूला सरकून जागा करून दिली. क्लिफर्डनं सुरुवात केली, आणि सुरुवात फार छान झाली. शब्द आईचेच येत होते. अनवाणी पाय. गोठ्यातलं कुत्रं भुंकलं. फाटकातून दोन शिपाई आत आले. एकानं भांड्यात डोकावून विचारलं, भर दुपारी हे दूध कुणाला नेतेस? हॉलमधली म्हातारी माणसं पुढे सरकली. क्लिफर्डला ते दिसलं, आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोरीनं शिपायाकडे पाहिलं आणि...

आणि क्लिफर्ड थांबला.

इथवरची गोष्ट त्यानं शंभरदा ऐकली होती. आणि दर वेळी तो इथेच उठायचा. आई, ही माहीत आहे मला, म्हणायचा आणि जेरिएत काहीतरी थोर लिहायला आपल्या खोलीत जायचा. तिच्या बोलण्याचा त्रास नको म्हणून दार लावून घ्यायचा. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. ती शिपायाला काय म्हणाली, माळ्यावरचा माणूस वाचला की नाही, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला लाज वाटली. आणि त्या लाजेखालून तो जुना हेवा पुन्हा उसळून आला, पण या वेळी पुस्तकांचा नाही, बोलावण्यांचाही नाही. त्याला हेवा वाटला तो आईच्या स्वयंपाकघरातल्या रेमंडच्या खुर्चीचा.

रेमंडच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती, आणि असती तर क्लिफर्डला बरं वाटलं असतं. पानं त्याच्या हातात होती, पण हारो उठत नाही तोवर त्याला गोष्टीतला एक शब्दही पुढे वाचता येत नव्हता.

क्लिफर्ड खाली उतरला. पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यानं ओढत ओढत अगदी व्यासपीठाजवळ आणली आणि तिच्यावर बसला.

“हारो मागे घेतला,” तो म्हणाला. “सांग रे, रेमंड. मग आई काय म्हणाली?”