काठोकाठ भरलेली टाकी

धाकट्याचं लग्न झालं त्या वर्षी त्याने बाहेरच्या खोलीत काचेची मोठी टाकी आणली. खाऱ्या पाण्यात प्रवाळ वाढवायचं त्याला वेड होतं. मीठ विरघळून पाणी निवळलं तेव्हा तो कामावर होता, म्हणून मीच बादल्या ओतून टाकी काठोकाठ भरली.

संध्याकाळी त्याने कपाळाला हात लावला. "बाबा, आधी दगड, मग पाणी! आता प्रत्येक दगडाला पाणी सांडणार."

नवी सूनबाई शेजारीच उभी होती. तिच्यासमोर मी ओशाळलो आणि सगळं बायकोवर ढकललं. "तुझ्या आईचीच घाई. हिला कधी काही कळलंय का?"

पोराने पहिला दगड ठेवला तसं पाणी भसकन फरशीवर आलं. बायकोने ते पुसलं. मग दुसरा दगड उचलला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तळाशी ठेवला.

पाणी वर चढलं नाही. एक थेंब सांडला नाही.

"अगंबाई! आई, कसं जमवलंत?" सूनबाई हसली.

बायकोने हात बाहेर काढला. तो कोरडा होता. चोरी पकडली गेल्यासारखं तिने तो घाईघाईने फडक्याखाली लपवला आणि मान खाली घालून मला म्हणाली, "हे मी नाही हो केलं."

मला तिच्याकडे बघवेना.

बायको त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी वारली. टाकी मीच भरली होती, हे सांगायचं राहूनच गेलं.