इंदापूरचा वाचक

बायको, राजलक्ष्मी, गेल्याचा फोन आला तेव्हा मानसिंग इंदापूरच्या दुकानात गिऱ्हाइकाला ट्रॅक्टरचा फॅनबेल्ट दाखवत होता. बेल्ट त्यानं परत खोक्यात घातला, शटर ओढलं आणि बारामतीची एसटी धरली.

तेराव्यानंतर मुलीनं, छकुलीनं, आईचा मोबाईल उघडला. त्यात तिचं दुसरं पुस्तक पूर्ण लिहून ठेवलेलं होतं. पहिल्या पानावर अर्पण होतं : 'इंदापूरच्या वाचकास.'

"आबा, ह्याचं खरं नाव शोधायला पायजे. त्याबिगर पुस्तक ॲपवर टाकायचं न्हाय."

पहिलं पुस्तकही राजलक्ष्मीनं स्वतःच पुस्तकं विकायच्या त्या ॲपवर टाकलं होतं. मुखपृष्ठसुद्धा मोबाईलवरच केलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं वाण म्हणून चहाच्या गाळण्या दिल्या, प्रत्येकीवर पुस्तकाच्या क्यूआर कोडची चिठ्ठी. बायकांनी गाळण्या ठेवल्या, चिठ्ठ्या सोलून टाकल्या. लग्नात, बचत गटात, कुठंही ती मोबाईल पुढं करायची. दुकानाशेजारचा दादासो मानसिंगला बघून म्हणायचा, "या, लेखिकाबाईचे मालक! आज भाकरी मिळाली का पुस्तकच खाल्लं?"

वर्षभरानं एक प्रत खपली. राजलक्ष्मी मोरगावला गणपतीपुढं पेढे ठेवून आली. आठवड्यानं त्या वाचकाचा अभिप्राय आला. पाचातला एक तारा. 'शेवटपर्यंत वाचलं. बाईंनी घरात लक्ष द्यावं.' खाली नाव, इंदापूरचा वाचक.

"मग आता बंद करणार का?" मानसिंगनं विचारलं होतं.

"का म्हणून? शेवटपर्यंत वाचलंय त्यानं. तुमी तरी वाचलं का?"

"मला कुठं येळ हाय."

दुसरं पुस्तक ती त्या माणसासाठीच लिहीत राहिली. दवाखान्यात, सलाईन लावलेल्या हातानंसुद्धा. "ह्याला त्यानं दोन तारे तरी द्यायला पायजेत," म्हणायची.

"आबा, तुमी रोज तितं जाता," छकुली म्हणाली. "विचारा की कुणाला."

"इंदापूर काय लहान हाय व्हय? आन् शिव्या देणाऱ्याला कशाला अर्पण? राहू दे, छकुले."

"एकच वाचक मिळाला तिला, आबा."

तिनं ॲपवर त्या वाचकालाच निरोप धाडला. 'आई गेली. तिचं नवं पुस्तक तुम्हाला अर्पण केलंय. कृपया नाव कळवा.'

दुसऱ्या दिवशी मानसिंग कामावर निघाला. इंदापूरच्या स्टँडवर उतरून त्यानं मोबाईल काढला, ॲप उघडलं. छकुलीचा निरोप त्याच्याकडंच आला होता. वरच्या बाजूला त्यानं विकत घेतलेलं एकुलतं एक पुस्तक दिसत होतं, राजलक्ष्मीच्या नावाचं. त्याखाली बारीक अक्षरांत, 'वाचन : शून्य टक्के.'

निरोपाला उत्तर द्यायचं राहिलंय. पुस्तक वाचायचंही.