किटली कुणाची?

"किटली बदल," वकीलबाई म्हणाल्या.

"परत?" मुंगीने पडद्यावरची नजर काढली. "अहो, कंपनीचं नाव पुसलंय, चिन्ह पुसलंय. आता काय तिचा जीव घेऊ?"

"नाव पुसून काय होतं? ते लाल टोपण आणि ती वाकडी चोच बघितली की शेंबडं पोरही कंपनी ओळखेल. घडणसुद्धा त्यांच्या मालकीची असते. उद्या नोटीस आली की खेळ बंद."

मुंगी म्हणजे खेळातल्या वस्तू घडवणारी मुलगी. अंगाने एवढीशी आणि सदा कामात, म्हणून हे नाव पडलेलं. डोंगरातलं एक छोटं हॉटेल चालवायचं, असा तो संगणकावरचा खेळ होता. त्यातली शेगडी, घड्याळ, फ्रीज, सगळं तिनेच घडवायचं. खरी वस्तू समोर ठेवून हुबेहूब उतरवायची तिला सवय. आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या वकीलबाई एकेक वस्तू नापास करायच्या. ऑफिसात त्यांना 'नकारघंटा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. बहुधा आवडतही होतं.

मुंगीने चिडून किटली पुसून टाकली आणि मनातून नवी काढली. पोट बसकं, चोच आखूड, मूठ मांजराच्या शेपटीसारखी मागे वळलेली. बुडाशी नाव घातलं, 'हुंकार'.

वकीलबाई पडद्याजवळ वाकल्या.

"मूठ अशी मागे का?"

"वाफ बोटांवर येत नाही. आईचा हात भाजलेला बघत मोठी झालेय मी."

"आणि झाकणाला ही खाच?"

"ओतताना झाकण कपात पडू नये म्हणून."

"खेळात कुणाचा हात भाजणार आहे?"

"कुणाचाच नाही. पण मला ठाऊक असतं ना!"

वकीलबाईंनी हवेतच मूठ धरली आणि नसलेली किटली नसलेल्या कपात ओतून पाहिली. मग म्हणाल्या, "कागदावर काढून दे. सगळ्या बाजूंनी."

नकार आला नाही, एवढ्यावरच मुंगी खूश झाली.

पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं, "'हुंकार' हे नाव कुणाचंच नाही. नीट शोधलं मी." आणि काही कागद पुढे सरकवले. मुंगी खेळातल्या फ्रीजचं दार घडवण्यात गुंतली होती. तिने न वाचताच सह्या ठोकल्या.

"माझं घर लिहून घेतलंत तरी कळायचं नाही मला."

"घर आहे तुला?"

"भाड्याचं."

"मग कर निर्धास्त."

खेळ बाजारात आला आणि बरा चालला. पण लोक भुलले ते किटलीवर. ही मिळते कुठे, म्हणून विचारणा सुरू झाली. कुणीतरी मातीची घडवून तिचा फोटो पाठवला. मुंगीने तो आईला दाखवला. आईने फोटोवरच बोट फिरवत मूठ कशी धरायची ते तपासलं.

एका सकाळी ऑफिसचे मालक शीळ घालतच आले. भांड्यांची एक मोठी कंपनी खरीखुरी 'हुंकार' काढायला तयार होती.

"म्हणजे माझी किटली दुकानात?" मुंगी उठून उभी राहिली.

"आपली," मालकांनी दुरुस्त केलं. "तुला खेळाचे पैसे मिळालेत. पुढच्या खेळाच्या वेळी बघू काहीतरी."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मला एक तरी आणून देशील ना?"

"विकत घेऊ," मुंगी म्हणाली आणि ताटावरून उठली.

काही दिवसांनी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. शीळ बंद होती.

"नाव आणि घडण, दोन्हींची नोंद कुणीतरी आधीच करून ठेवलीय. कंपनीवाले म्हणतात, आता तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. कुणाची उचललीस?"

"मनातून काढली."

"मनातून! मग दाखवलीस कुणाला?"

मुंगीला वकीलबाईंचे प्रश्न आठवले. नुसतं 'चालेल' किंवा 'बदल' म्हणायला झाकणाची खाच कशाला कळायला हवी? सगळ्या बाजू कशाला हव्यात? ती तडक कोपऱ्यातल्या खोलीकडे निघाली.

वकीलबाईंच्या समोर कोटातला एक माणूस चहा घेत बसला होता. मुंगीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"किटलीची नोंद तुम्ही केलीत?"

"हो, मीच केली. ये, बस."

"बसायला नाही आले. आईच्या हाताचं मी तुम्हाला विश्वासाने सांगितलं. तुम्ही तेही विकलंत."

वकीलबाईंनी चष्मा काढला, पदराने सावकाश पुसला. "तुझा करार मी लिहिला तेव्हाच मालकांना बजावलं होतं. खेळात वापराल ते तुमचं, खेळाबाहेरचं तुमचं नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे अर्धंच ऐकलं."

"आणि उरलेलं अर्धं तुम्ही लाटलंत!"

वकीलबाईंनी चष्मा चढवला आणि समोरच्या माणसाकडे हात केला. "हे भांड्यांच्या कंपनीचे. केव्हाचे थांबलेत."

त्या माणसाने कप खाली ठेवला, लगबगीने उठला आणि मुंगीकडे वळून अदबीने म्हणाला, "मॅडम, नोंद तुमच्या नावावर आहे. किटली बनवायची परवानगी द्याल का आम्हाला?"