बोडीतली भरती

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात समुद्र पुढे सरकत आला आणि किनाऱ्यावरची वस्ती गिळून गेला. तिथे बोटीवर कामाला गेलेला रुखमाचा नवरा श्रीहरी परतला नाही.

तेव्हापासून समुद्रापासून शेकडो कोस दूर, सावली गावाजवळच्या तिच्या घरामागच्या बोडीचं, धानाला पाणी देणाऱ्या त्या छोट्या तळ्याचं, पाणी दिवसातून दोनदा चढायचं, उतरायचं. ती एकटीच बघत बसायची.

"बाई, पानी खारट लागून राह्यलं," शेजारचे लटारूभाऊ म्हणाले. "पाळ उंच कर. नाई तं घरात शिरन ते."

संध्याकाळी रुखमाने कुदळ घेतली आणि घराकडची पाळ फोडली.

पाणी अंगणातून आलं आणि उंबऱ्यापाशी थांबलं. श्रीहरी तिथेच थांबायचा, पाय धुवायला.

तिने भरलेला तांब्या बाहेर ठेवला, दार लोटून घेतलं.

बाहेर कुणीतरी पाय धुऊ लागलं.