कप्तानाची कवळी

आईला मी आयुष्यात एकच गोष्ट खरी सांगितली, मला मुलगे आवडतात. आणि तीही एका सिनेमाच्या आडून. त्यात दोन पोरं एकमेकांच्या प्रेमात पडतात, मोठी होतात आणि एक जण बोटीत बसून कायमचा निघून जातो.

"मी त्यातला धक्क्यावर उरलेला," मी म्हणालो.

आईचा चेहरा असा उतरला, की मी लगेच गोष्टीला शेपूट जोडलं: कप्तान कवळी घरी विसरला होता, ती न्यायला बोट माघारी आली.

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "चल, जेवायला बस."

पुढे माझाही एक जण बोटीने गेला. तो गेलाच.

काल तो सिनेमा टीव्हीवर लागला. आईने पहिल्यांदाच पाहिला, माझ्या शेजारी बसून. बोट निघाली, ठिपक्याएवढी झाली, 'समाप्त'ची पाटी आली. आता थाप उघडी पडणार म्हणून मी गुपचूप रिमोट उचलला.

आईने माझा हात धरला. स्वतःची कवळी जिभेने सारखी करत म्हणाली, "थांब रे जरा. म्हातारा माणूस आहे तो. उशिराच आठवतं."

थाप माझीच होती, तरी मीही बसून राहिलो.