चेंडू फार जोरात येतो

"तुम्ही अकरा माणसांना खोटं ठरवलंत."

एवढं वाक्य हिल्काने पडद्यावरच्या अक्षरांना डाव्या हाताचं एक बोट लावत लावत लिहिलं. उजवा हात मांडीवर पडून होता. पक्षाघाताच्या झटक्यानंतर सात महिने तो तसाच पडलेला. डॉक्टर थकले, मालिश करणारी थकली. शेवटी त्याला हलवलं ते चित्रातल्या एका कासवाने.

फिनलंडमधल्या ओउलूच्या त्या उपचारगृहात व्यायामाच्या खोलीत पडद्यावर खेळायचा टेनिसचा खेळ होता. इकडे टोपी घातलेलं कासव, तिकडे लांब मानेचं बदक. मनगटाला पट्टा बांधायचा, हात हलवला की कासव रॅकेट फिरवायचं. त्यात 'मंद चेंडू' अशी सोय होती. चेंडू फुग्यासारखा तरंगत यायचा. मार्चमध्ये हिल्काने पहिला चेंडू परतवला, तेव्हा तिथलाच एक रुग्ण, जन्मात कुणाचं कौतुक न केलेला तौनो म्हणाला, "वाईट नव्हता." जूनमध्ये तिची तपासणी होती. उजव्या हाताने कॉफीचा कप उचलला तर घरी, नाहीतर कायमची इथेच.

आणि एप्रिलमध्ये मंद चेंडू गेला. बाहेरच्या, दोन्ही हात धड असलेल्या खेळाडूंनी मत दिलं होतं, बाळांचा खेळ आहे, झोप येते. खेळ बनवणाऱ्या कंपनीने त्यांचं लगेच ऐकलं.

"मग तुम्हीही मत लिहा," व्यायाम घेणारी सान्नी म्हणाली. "खेळणाऱ्यांचं ऐकतात ते."

मंगळवारी कॉफी झाल्यावर अकरा रुग्ण त्या एकाच पडद्यासमोर रांगेत बसले. हिल्काने लिहिलं, 'चेंडू फार जोरात येतो.' तौनोने ते वाचलं. त्यात भर घालण्यासारखं त्याला काही दिसलं नाही. त्याने तेच लिहिलं. तिसऱ्याने तेच. अकराव्यानेही तेच.

"अहो, जरा वेगळं लिहा की," सान्नी वैतागली. "हाताचं सांगा, आजाराचं सांगा."

"चेंडूबद्दल विचारलंय ना?" तौनो म्हणाला. "मग माझी दुखणी कशाला त्यांच्या गळ्यात घालू? खरं होतं ते लिहिलं. खरं एकच असतं."

बुधवारी अकराही मतं पुसलेली होती. एकाच यंत्रावरून एकच वाक्य अकरा वेळा आलं, म्हणजे ते माणसांनी लिहिलेलं नाही, असा निकाल. तो निकालही कुणा माणसाने दिलेला नव्हता. शिक्षा म्हणून खेळाला कुलूप. सान्नीने कंपनीला फोन लावला, तिकडे नुसती 'थांबा'ची धून वाजत राहिली. चार दिवस वाजली.

म्हणून आज हिल्का तक्रार लिहीत होती. शेवटचा शब्द संपवून तिने 'पाठवा'वर बोट दाबलं. पडद्यावर उत्तर उमटलं. आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. आधी आपण माणूस आहात हे सिद्ध करा. तीन चेंडू परतवा.

खाली टोपी घातलेलं कासव उभं राहिलं.

सान्नीने पट्ट्याला हात घातला. "आणा इकडे, मी मारते तिन्ही. कोण बघतंय?"

"नको," हिल्का म्हणाली. "माणूस मी आहे की नाही, हे तू कशाला सिद्ध करतेस? बांध माझ्या उजव्या हाताला."

पहिला चेंडू आला आणि गेला. दुसऱ्याला हात मांडीवरून वीतभर उठला, तोवर चेंडू मागच्या भिंतीला लागून विरला होता. तिसऱ्याला हात खांद्यापर्यंत वर आला. झटक्यानंतर इतका वर कधीच आला नव्हता. चेंडू त्याच्याही आधी गेला.

'आपण माणूस असल्याचं सिद्ध झालं नाही,' पडदा म्हणाला. 'तक्रार बंद.'

तौनोने मान फिरवली. सान्नी पट्टा सोडायला वाकली, पण हिल्काने हात खाली घेतला नाही. तो तसाच हवेत, पडद्यासमोर.

"मग हा कुणाचा हात आहे?" ती पडद्याला म्हणाली. "सांगा ना. कुणाचा?"