टाकीवरचा तास

रेणुका चक्रावून गेली. मुलांना बोलायला शिकवणं हे तिचं रोजचंच काम, पण असं कधी झालं नव्हतं. वर्षभर व्हिडिओ कॉलवर लाडीगोडी लावून तिने रोशनीच्या तोंडून एकेक शब्द काढला होता. फोनवर "ताई, पाणी दे" म्हणणारी तीच पोर आज शहरातल्या कोठी भागातल्या क्लिनिकमध्ये समोर बसली होती, तर तोंड शिवल्यासारखी गप्प. बाहुलीला बघेना की फुग्याला भुलेना.

"प्रवासाने दमली असेल," रेणुका म्हणाली.

"दमती कशाची? गाडीत झोपून तर आली." देगलूरकडच्या खेड्यातून लेकीला घेऊन आलेला संभाजीही बुचकळ्यात पडला होता. "घरी पण असंच करती मॅडम. टाकीवर तेवढी बोलती."

"कसली टाकी?"

"पाण्याची. गावात फोन तिथंच लागतो. तुमची वेळ झाली की हिला कडेवर घेतो अन् वर चढतो."

रेणुकाला तरीही काही उमगेना. तेवढ्यात रोशनी उठली आणि रेणुकाचं बोट धरून तिला ओढतच जिन्याकडे घेऊन गेली. मागून संभाजी "अगं कुठं, अगं कुठं" करत धावला. पोर थांबली ती थेट गच्चीवर. तिने एकदा आभाळाकडे पाहिलं, मग रेणुकाकडे, आणि एखाद्या अडाण्याला समजावून सांगावं तसं म्हणाली,

"ताई, खाली रेंज नाही."